टाकलेल्या राणीचं स्वभावचित्र

सरकीचा वास आला की मला परतूरचा तो वर्ग आठवतो. बहात्तरच्या दुष्काळानंतर शेजारची जिनिंग पुन्हा सुरू झाली होती आणि कापसाचे तंतू खिडकीतून उडत येऊन बाकांवर बसायचे. नवऱ्यानं टाकल्यावर मी पुन्हा कॉलेजात येऊ लागले होते, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी सर जुन्या नाटकातल्या, राजानं टाकलेल्या राणीचं स्वभावचित्र शिकवत होते. एकदम माझ्याकडं वळून म्हणाले, "चुकी कोणाची? तू सांग, तुला बराबर समजंल." पोरं माना वळवून बघू लागली. मी उभी राहिले आणि गाईडातलं पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "राणीनं थोडं सोसायला पाहिजे होतं." सर म्हणाले, "शाब्बास!" त्या शाब्बासकीची या वयातही लाज वाटते. अख्ख्या वर्गात राणीच्या बाजूनं बोलू शकणारी मी एकटीच होते.