दामिनीला खेळवा, नाहीतर रास्ता रोको

अहमदपूरच्या मोंढ्यात चंद्रप्पांची धान्याची आडत आहे. सोयाबीनचा एक दाणा दाताखाली फोडून ते ओलावा सांगतात, आणि तो बरोबर निघाला नाही तर चूक दाण्याची असते. असा माणूस ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलचा जाणकार होणार नाही तर कोण होणार?

हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. चेंडू अंड्यासारखा लांबट, हातानं ठोसायचा, पायानंही मारायचा, आणि खांब चार. मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण, नेम चुकून बाजूच्या खांबांतून गेला तरी एक. चुकल्याबद्दलही गुण मिळतात हे कळल्यावर भागवतच्या चहाच्या हॉटेलात हा खेळ रुजायला वेळ लागला नाही.

कारण होती दामिनी, चंद्रप्पांची नात. ती मेलबर्नजवळच्या एका छोट्या क्लबच्या मुलींच्या संघात खेळते. अहमदपूरला शेवटची आली तेव्हा चौथीत होती, आता कॉलेजात आहे. मधल्या काळात फोनवर "जेवलीस का?" "हो अज्जा" एवढ्यावर दोघांचं बोलणं संपायचं. म्हणून चंद्रप्पांनी तिचा खेळ शिकून घेतला, आणि आजा-नातीचं बोलणं अर्ध्या तासावर गेलं. पण बोलणं म्हणजे भेटणं नव्हे. पोरगी मोबाइलवर नव्हे, एकदा समोर उभी दिसावी, ही एकच हौस त्यांना उरली होती. ही गोष्ट ते कुणालाही सांगत नसत. म्हणजे भागवतच्या हॉटेलात रोज सांगत, तेवढंच.

शनिवारी सकाळी क्लबच्या फेसबुक पानावर सामना दिसे. भागवत साखरेच्या बरणीला मोबाइल टेकवून ठेवी आणि ज्यांनी उभ्या जन्मात त्या चेंडूला हात लावला नाही, ते संघनिवडीवर बोलू लागत. विरोधी पक्ष एकट्या श्रीमंतचा. हा मुखेडचा, एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर. गाडीत कुणाला बसवायचं आणि कुणाला उतरवायचं हे जन्मभर ठरवल्यामुळं निवड हा आपलाच प्रांत, असं त्याचं मत.

"ती पिवळ्या केसांची पोरगी काढा म्हणतो मी. पळता येत न्हाई अन् जागा अडवून बसली."

"तिचा बाप कमिटीवर आसंल," भागवत म्हणे.

यावर सगळ्यांच्या माना डोलत. वशिल्याशिवाय निवड होते, असली अंधश्रद्धा आमच्याकडे कुणी बाळगत नाही.

सप्टेंबरात आक्रीत झालं. दामिनीचा संघ कुणाच्या ध्यानीमनी नसताना अंतिम सामन्यात पोचला, आणि कोचनं जाहीर केलं की त्या सामन्यात दामिनी नसेल. तिच्या जागी दुसरी मुलगी. हॉटेलातला चहा निवला. चंद्रप्पांनी तिथूनच मुलीला, दामिनीच्या आईला, म्हणजे सुकन्याला फोन लावला.

"अप्पा, असू द्या ना. तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता?" ती म्हणाली आणि चक्क हसली.

चंद्रप्पांनी फोन ठेवला. "दबावाखाली हाय पोरगी. मोकळं बोलत न्हाई."

"पण मी म्हणतो, थकली आसंल ती. इसावा द्या जरा," श्रीमंतनं एवढं म्हणायचा अवकाश, त्याला गद्दार ठरवण्यात आलं. आयुष्यात एकदाच तो बरोबर बोलला होता, आणि नेमकं तेव्हाच कुणी ऐकलं नाही.

मग आमच्या भागात अन्यायावर जो एकमेव इलाज माहीत आहे तो झाला: निवेदन. रस्ता असो, वीज असो, बदली असो, निवेदन दिल्याशिवाय माणसाला जेवण जात नाही. भागवतला मजकूर तोंडपाठ होता. "आमच्या तालुक्याच्या लेकीवर झालेला अन्याय तात्काळ दूर करावा, अन्यथा तीव्र स्वरूपाचे रास्ता रोको आंदोलन छेडण्यात येईल व होणाऱ्या परिणामास क्लब जबाबदार राहील." रस्ता कुठला रोखणार, अहमदपूरचा की मेलबर्नचा, हे मोघम ठेवलं. मोंढ्यातले हमाल, दलाल, सगळ्यांनी सह्या ठोकल्या. शेवटी श्रीमंतनंही केली, कारण फोटोत यायचं होतं. फोटोसकट निवेदन क्लबच्या पानावर चढलं.

आपलं निवेदन कुणी वाचतं, याचा अनुभव गावाला नव्हता. त्यामुळं तिसऱ्या दिवशी क्लबनं निर्णय फिरवला तेव्हा आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. दामिनी अंतिम सामना खेळणार! भागवतनं पेढे मागवले. चंद्रप्पांच्या गळ्यात हार पडला. तेवढ्यात दामिनीचा व्हिडिओ कॉल आला आणि ते हारासकट रस्त्यावर गेले.

"अज्जा, तुमचा फोटो कोचनं क्लबात मोठा करून लावलाय, खाली निवेदनाचं इंग्रजी. सगळ्या मुली म्हणतात, एवढं गाव तुझ्यासाठी भांडतंय, तू जाऊच कशी शकतेस?"

"मग! सोडतो का काय आम्ही? तुला काढतात म्हंजे काय?"

"मला कुणी काढलं नव्हतं अज्जा. मीच सुट्टी मागितली होती. आम्ही फायनलला जाऊ असं वाटलंच नव्हतं, म्हणून आधीच तिकीट काढलं होतं. अहमदपूरचं. तुम्हाला न सांगता येऊन दारात उभी राहणार होते. आईला पण बोलू नको म्हटलं होतं."

चंद्रप्पांनी गळ्यातला हार उतरवला.

"आता रद्द केलं. नंतर परीक्षा आहेत, मग काम. बघू, पुढच्या वर्षी जमेल. रडताय का अज्जा?"

"न्हाई गं. ऊन लई हाय." त्यांनी कसंबसं विचारलं, "पायाला लागलं-बिगलं न्हाई ना? मग खेळ. चांगलं खेळ."

ते आत आले. समोर सगळा मोंढा उभा होता आणि हातात पेढा आला होता. "काय म्हणली नात?" भागवतनं विचारलं.

"आभार मानायलीय तुमचे," चंद्रप्पा म्हणाले, आणि त्यांनी पेढा खाल्ला.