अध्यक्ष म्हणजेच ॲडमिन

मध्य प्रदेशातल्या धारच्या आमच्या मराठी मंडळात माणसाला मोठं करायची एक ठरलेली रीत आहे. आधी वय बघायचं, मग घराणं बघायचं, मग त्याला अध्यक्ष करायचं आणि त्यानंतर त्याला काहीही विचारायचं नाही. माझ्या वडिलांना याच रीतीने अध्यक्ष केलं. आम्ही सगळेच त्यांना नाना म्हणतो. गणिताचे शिक्षक, हेडमास्तर होऊन निवृत्त झालेले. आजे-पणजे संस्थानच्या कचेरीत होते, तेव्हा घराण्याचाही प्रश्न नव्हता. मला चीड येते ती याची की नानांना त्या पदाचा खरोखर आनंद झाला होता.

मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला तो सचिवांनी. हे सचिव म्हणजे मंडळाचं सगळं हातात ठेवणारे, बोलायला गोड, आणि फोटोत नेहमी मधोमध. वार्षिक सभेत ते उभे राहिले आणि म्हणाले, "ग्रुप तर झाला, पण त्याला अध्यक्ष नको का? बड़ों का मान पहले. मी सूचना मांडतो की नानांना ॲडमिन करावं." कुणीतरी अनुमोदन दिलं. टाळ्या झाल्या. नारळ दिला गेला. सचिवांनी आपल्या फोनवर बोट टेकवलं आणि नाना ॲडमिन झाले. मी त्या दिवशी देवासहून माहेरी आले होते, मागच्या खुर्चीवर बसून हे सगळं पाहत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं होतं.

घरी परततानाच नानांनी सचिवांना विचारलं, "यात मला करायचं काय असतं?"

"काही नाही हो नाना. बस नाम का है."

नाना फोन दिवसातून एकदा बघत. सकाळची पूजा झाली की चष्मा पुसायचा, वर्तमानपत्र वाचायचं आणि मग फोन. राजगढचे एक गृहस्थ रोज सूर्योदयाचं चित्र पाठवत, त्यांना नाना नमस्कार करत. कुणाचा वाढदिवस असला तर शुभाशीर्वाद लिहीत, तेही पूर्ण वाक्यात, खाली "अध्यक्ष" असं लिहून. लोक त्यावर हसत असणार. हसू देत. निदान ते लिहिलेलं वाचत तरी होते, असं मी तेव्हा समजत होते.

आमच्या गावात वर्षातले काही दिवस असे तणावाचे येतात की चौकात पोलिसांच्या गाड्या उभ्या राहतात, दुकानदार शटर अर्धं खाली ठेवतात आणि कलेक्टरांचा आदेश निघतो. त्या आदेशात आता एक कलम कायमचं असतं: सोशल मीडियावर भडकावू मजकूर आला तर ग्रुपचा ॲडमिन जबाबदार, त्याने तो तत्काळ काढून टाकावा आणि ठाण्याला कळवावं. नानांनी तो आदेश हिंदी पेपरात वाचला होता. मला फोनवर सांगितलाही होता, योग्य आहे म्हणाले होते. तो आपल्याबद्दल आहे हे त्यांच्या ध्यानीमनी आलं नाही.

अशाच एका दिवशी, दुपारी, मंडळातल्या एका औषध दुकानदाराने ग्रुपवर एक लांबलचक मराठी मजकूर पाठवला. वर गणपतीचं चित्र, पहिल्या चार ओळी स्तुतीच्या, आणि खाली उतरलं की दुसऱ्या समाजाबद्दल असं काही लिहिलेलं की तोंडातून काढू नये. शेवटी आपल्याच गावाबद्दल एक सरळ खोटी बातमी. हा दुकानदार चाळिशीचा, वाईट माणूस नव्हे. शाळा हिंदीत झाली, मराठी घरात बोलतो, पण वाचायला बसला की दोन ओळींत दमतो. पुण्याच्या कुणा नातेवाइकाकडून आलं, गणपती दिसला, पुढे ढकललं. आणि ग्रुपवरच्या पंधरा-वीस जणांनी त्याला हात जोडले. कुणीही वाचलं नव्हतं. मराठी मंडळात मराठी मजकूर आला आणि तो कुणी वाचला नाही, याच्यापुढे मी काय बोलू. संस्कृती जपायला म्हणून दरवर्षी सतरंज्या घालणारी ही माणसं.

मग ग्रुपवरच्याच कुणीतरी, तसाच न वाचता, त्याचा स्क्रीनशॉट बाहेर दिला आणि बाहेर कुणीतरी त्याचं हिंदी केलं. मराठीत होता तोवर तो कुणी वाचला नव्हता, हिंदीत आला तसा गावभर वाचला गेला.

सचिवांना ठाण्यातून चाहूल लागली असावी. त्यांनी कुणाकुणाला फोन केले हे मला पुढे तुकड्यातुकड्यांनी कळलं. सगळ्यांना एकच सांगितलं: निघा. नानांना मात्र फोन केला नाही. माणसं एकामागून एक ग्रुप सोडून गेली. सचिव स्वतः बाहेर पडले, औषध दुकानदार बाहेर पडला, सूर्योदयवाले गृहस्थ बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी पूजेनंतर फोन उघडला तेव्हा पडद्यावर अमक्याने ग्रुप सोडला, तमक्याने ग्रुप सोडला, अशी रांग लागलेली होती.

त्यांनी मला देवासला फोन लावला. मी ऑफिसला निघायच्या तयारीत होते.

"अगं, सभासद उठून चाललेत," ते म्हणाले. "काही न सांगता. काय झालं असेल?"

मी म्हटलं, "वर जाऊन बघा, काय आलंय ते."

त्यांनी वाचलं. मग म्हणाले, "हे आपल्या लोकांनी पाठवलं?"

"नाना, तुम्ही आधी त्यातून बाहेर पडा. मी सांगते कसं ते."

"अध्यक्ष कसा उठेल?" ते म्हणाले. "सभा संपलेली नाही."

मी चिडले. म्हटलं, ही सभा नाही, हा ग्रुप आहे, निदान तो मजकूर तरी पुसून टाका, तुम्हाला पुसता येतो. तर म्हणाले, इतिवृत्तात जे आलं ते खोडायचं नसतं. खोडणं म्हणजे लपवणं. खाली अध्यक्षांची नोंद करायची असते. आणि त्यांनी ती केली. एका बोटाने टाइप करून, रिकाम्या झालेल्या ग्रुपवर: "वरील मजकूर मंडळाचे मत नाही. तो निंद्य आहे. पाठवणाऱ्याने जाहीर माफी मागावी. अध्यक्ष." ते वाचायला तिथे कुणीही उरलं नव्हतं.

मी सुट्टी टाकून निघाले. इंदूरला बस बदलून धारला पोचेपर्यंत पोलीस नानांना ठाण्यात घेऊन गेले होते. गेल्या गेल्या मला कळलं की जे नानांनी सचोटी म्हणून केलं होतं, तेच त्यांच्या विरुद्ध कागदावर चढलं होतं. ग्रुपचा एकमेव ॲडमिन. आदेश असूनही मजकूर काढला नाही. ठाण्याला कळवलं नाही. खालची नोंद? ती नंतरची, स्वतःला वाचवायला केलेली. ठाण्याचे साहेब तरुण होते, उद्धट नव्हते, पण त्यांच्यापुढे छापील आदेश होता आणि त्यात इतिवृत्त हा शब्द कुठेच नव्हता.

तिथे एक हवालदार होता, निवृत्तीला आलेला. त्याने आपली खुर्ची उचलून नानांच्या मागे ठेवली. "माट्साब, आप बैठो," मास्तरांना इकडे म्हणतात तसं म्हणाला. "पानी लाऊँ?" नाना बसले, पाणी प्याले. त्या अख्ख्या दिवसात नानांना बसा म्हणणारा तो एकच माणूस.

फोन जप्त करायचा म्हणजे पंच लागतात. मी सचिवांना फोन केला. म्हटलं, काका, मंडळातले दोन जण तरी या, सही करायला नका येऊ हवं तर, नुसतं सांगायला या की ग्रुप कुणी काढला, ॲडमिन कुणी केलं. सचिव म्हणाले, "ताई, आत्ता वातावरण ठीक नाहीये. मामला गरम आहे. आपण बाद में देखेंगे." पंच म्हणून शेवटी समोरचा चहावाला आणि एक झेरॉक्सवाला यांनी सह्या केल्या. चहावाल्याने मला हळूच विचारलं, घरचं कुणी पुरुषमाणूस नाही का. पुरुषमाणसं पुष्कळ होती, सगळी ग्रुप सोडून गेली होती.

पुढे जबाब झाले. औषध दुकानदारावरही गुन्हा लागला, तो रडला, नानांच्या पायाशी बसून म्हणाला, "नाना, मला खरंच वाचता नाही आलं." नाना त्याला म्हणाले, "मग मला विचारायचं होतंस." इतकंच. त्याच्यावर मी रागावू शकले नाही. माझा राग आहे तो बाकीच्यांवर. त्यांनी जबाबात लिहून दिलं की ग्रुपचे सर्व निर्णय अध्यक्ष घेत असत. नानांनी त्या ग्रुपवर आयुष्यात वाढदिवसाच्या आशीर्वादापलीकडे काही घेतलं-दिलं नव्हतं.

वकील आम्ही धारचाच केला. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "नुसतं ॲडमिन असणं हा गुन्हा नाही, दुसऱ्याने टाकलेल्याचा दोष त्याच्यावर येत नाही, हायकोर्टांनी हे सांगून झालंय. पण ठाण्यात निकाल कोण वाचतो? आपल्याला ते कोर्टात जाऊन सांगावं लागेल, आणि तिथपर्यंत चालावं लागेल." चालावं लागलं. जामीन झाला. फोन न्यायालयाने लवकरच सुपुर्दगीवर परत दिला, म्हणजे वस्तू तुमच्याकडे, पण खटला संपेपर्यंत सांभाळायची, मागतील तेव्हा हजर करायची. अट अशी की त्यातलं काहीही पुसायचं नाही, काही बदलायचं नाही. वकिलाने नानांना बजावून सांगितलं, ग्रुपमधूनही बाहेर पडू नका, नाहीतर पुरावा बदलला म्हणतील.

म्हणजे आता कायद्यानेच नानांना त्या रिकाम्या सभेत बसवून ठेवलं होतं. पूजा झाली की ते चष्मा पुसत, पेपर वाचत आणि फोन उघडून बघत. ग्रुपमध्ये एकच सभासद, ते स्वतः. मी म्हणायचे, कशाला उघडता. ते म्हणायचे, कुणी परत येतंय का, बघावं.

कुणी आलं नाही. गणेशोत्सवाची पत्रिका आली ती खाली "विनीत, समस्त कार्यकारिणी" अशी. अध्यक्षांचं नाव छापायची जागा काढूनच टाकली होती. नानांना व्यासपीठावर बोलावलं नाही. पण घरी प्रसाद मात्र पाठवला, डब्यात, शेजाऱ्याच्या हातून. देवासला माझ्या सासरचे लोक थोरल्या पातीचा, म्हणजे संस्थानच्या मोठ्या शाखेचा, जुना तोरा अजून मिरवतात, त्यांनी मला विचारलं, तुमच्या वडिलांचं ते पोलीसचं काय झालं. पोलीसचं. ज्या माणसाने आयुष्यभर मुलांना सांगितलं की उत्तर चुकलं तरी चालेल पण पायऱ्या खोडू नका, त्याच्याबद्दल लोक असं बोलत होते.

शेवटी कोर्टाने नानांना आरोपमुक्त केलं. वकिलाने पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच कोर्टाने म्हटलं. तो कागद मी नानांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "यात मी चांगलं केलं असं कुठे नाही."

"नाना, कोर्ट तसं लिहीत नाही."

"हो, बरोबर आहे."

त्यानंतरच्या रविवारी सचिव आले. पेढे घेऊन. मी घरीच होते. त्यांनी नानांना वाकून नमस्कार केला, न्यायाचा विजय झाला म्हणाले, सर्वांना खूप काळजी होती म्हणाले. मी चहा ठेवला, कारण आमच्या घरात आल्यागेल्याला चहा दिल्यावाचून राहता येत नाही, आणि हीच आमची खोड आहे. चहा पिता पिता ते मुद्द्यावर आले. मंडळाचा नवीन ग्रुप काढलाय. ठाण्याने सांगितलंय की ॲडमिनचं नाव-नंबर लिहून द्या. आता तरुण लोक घाबरतात, सगळे नोकरीधंद्याचे. "तर नाना, आम्ही विचार केला, आप ही रहो. तुम्हाला अनुभवही आहे. आणि तुमच्या वयाला पोलीस काही करत नाहीत, आता तर कोर्टाचा कागदही आहे."

मी हातातली बशी खाली ठेवली. मी बोलणार होते, आणि जे बोलले असते ते मंडळाच्या कुठल्याही इतिवृत्तात बसलं नसतं. नानांनी हात वर करून मला थांबवलं.

ते सचिवांना म्हणाले, "नवी सभा मला घेता येणार नाही. जुनी अजून चालू आहे."

सचिव हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

"तुम्ही सगळे उठून गेलात," नाना म्हणाले. "मी बसून आहे."

सचिवांनी उरलेला चहा संपवला, पेढ्यांचा खोका टेबलावरच ठेवला आणि चप्पल घालता घालता मला म्हणाले की नानांची तब्येत जपा. मी दार लावून घेतलं.

संध्याकाळी नानांनी फोन माझ्यापुढे धरला. "आता मनाई नाही ना? यातून उठायचं कसं, ते दाखव."

मी ग्रुप उघडून बाहेर पडायची जागा दाखवली. ते बोट न्यायला लागले आणि मधेच थांबले.

"आभार मानायचे राहिलेत," म्हणाले.

आमच्याकडे आभारप्रदर्शनाशिवाय सभा संपत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी ताडकन विचारलं, "कुणाचे मानणार आहात?"

नाना विचारात पडले. मंडळातले कोण कोण त्यांच्या डोळ्यांपुढून गेले असतील, देव जाणे. मग त्यांनी एका बोटाने टाइप करायला घेतलं. मी खांद्यावरून वाचलं. ठाण्यातल्या त्या हवालदाराचे त्यांनी आभार मानले होते, बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिल्याबद्दल. खाली लिहिलं, "सभा संपली. अध्यक्ष." आणि ते बाहेर पडले.