गुरमुखसिंगची छबील

गुरमुखसिंग भिवंडीच्या नारपोलीत ट्रकच्या स्प्रिंगांचे पाटे दुरुस्त करायचा. भट्टीपाशी उभं राहून राहून त्याचं डोकंही तापलेलंच असायचं. गिऱ्हाइकालासुद्धा फाडकन बोलायचा. वर्षातला एक दिवस मात्र मऊ व्हायचा.

शिखांच्या पाचव्या गुरूंचा, अर्जनदेवांचा, तो बलिदानाचा दिवस. लाहोरात भर उन्हाळ्यात त्यांना तापल्या तव्यावर बसवलं, अंगावर जळती वाळू ओतली. त्यांच्या तोंडून शाप म्हणून निघाला नाही. त्यांची आठवण म्हणून त्या दिवशी छबील मांडतात: दूध, साखर, गुलाब घातलेलं गार पाणी, रस्त्यानं येईल त्याला. कोण, कुठला, विचारायचं नाही. गुरमुखसिंगचा आणखी एक हट्ट, पिंप रिकामं होईतो स्वतः थेंब घ्यायचा नाही.

फाळणीत त्याची धाकटी बहीण वाटेत तहानेनं गेली होती. विहीर लागली होती हो! पण विष कालवलंय असं कुणी बरळलं, आणि बापानं पिऊ दिलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या मे महिन्यात हिंदू-मुसलमान दंगलीनं भिवंडी होरपळली. जूनमध्ये कर्फ्यू नुकता सैल झाला होता.

"यंदा राहू द्या," बायको सतवंत म्हणाली.

"यंदा तर पाहिजेच!" तो खेकसला.

शिफ्ट सुटली. लूमवरची माणसं घामानं निथळत आली आणि पिंपापासून लांबच थबकली. पाण्यात काहीतरी घातलंय, अशी आवई उठली होती. दरवर्षी ग्लासावर ग्लास रिचवणारी हीच माणसं, बरं का!

शेजारच्या पूर्णा गावचा पंढरी, त्याचा जुना दोस्त, जवळ आला. "सरदारजी, पैला तूच पी. लोकांना शक हाय."

"देनेवाला आधी पीत नाही, पंढरी."

"आज पी रे बाबा. न्हायतर कोन शिवनार न्हाय."

समोर एका बाईच्या कडेवरची पोर पिंपाकडे हात करून रडत होती. आई तो हात दाबून धरत होती. गुरमुखसिंगला ते बघवेना. त्यानं ग्लास भरला आणि सगळ्यांदेखत घटाघटा प्यायला.

गर्दी नुसती त्याच्याकडे बघत राहिली. त्याला काही होत नाही म्हटल्यावर ती बाई पुढे आली, मग एकच झुंबड उडाली. बघता बघता पिंप आटलं.

सतवंत हरखली. "पाहिलंत? सगळे आले, सगळे प्यायले!"

तो फळीवर बसला होता, दाढी ओलीच. "प्यायले नंतर," तो म्हणाला. "आधी मी मरतो का, ते बघत होते."

पुढे चौदा-पंधरा वर्षं तो तिथंच पाटे ठोकत राहिला. छबील पुन्हा मांडली नाही.