सुरी हातात द्यायची नसते

कळंबचा माझा मामा सुरी विकत घ्यायला जातो तेव्हा डब्यात एक अख्खा बांगडा घेऊन जातो. चप्पल पायात घालून बघितल्याशिवाय कोणी घेतं का, हा त्याचा सवाल. नालासोपाऱ्याच्या बाजारातले भांडीवाले त्याला लांबूनच ओळखतात आणि तो पोचायच्या आत उदबत्ती लावतात.

मामाच्या समुद्राजवळच्या दोन खोल्या सुट्टीवाल्यांना भाड्याने जातात आणि त्या पाहुण्यांना बिनकाट्याची मासळी लागते. मामी विळीवर बसून टोपलीभर मासे साफ करते, तोवर मामा एका पापलेटापुढे सुरी निवडत असतो. आधी पात्याचं टोक अंगठ्याने वाकवून बघायचं. "वाकत नाय ती सुरी अर्धं मांस काट्यालाच ठेवते," असं म्हणून ताठ पात्याची बाजूला. मग हात साबणाच्या पाण्यात बुडवून मूठ धरायची. निसटली की तीही बाद. "कोरड्या हातात काय, कोनतीपन बरी वाटते." आतून मामी ओरडते, "तुमचं निवडून होईपर्यंत पावने उपाशी झोपतील!"

सुरी मात्र तो कधी कोणाच्या हातात देत नाही. जमिनीवर ठेवतो, समोरच्याने उचलायची. हातात दिली की भांडण होतं, हे आमच्याकडे सगळेच मानतात. पण मामाकडे पुरावा आहे. त्याचा धाकटा भाऊ शेजारीच राहतो आणि दोघांचं कित्येक वर्षं बोलणं नाही. गावाच्या मते भांडण विहिरीवरून झालं. मामाच्या मते विहिरीचा काही संबंध नाही. आदल्या दिवशी घाईत त्याने भावाच्या हातात सुरी दिली होती. एरवी सगळ्यावर हसणारा मामा हे सांगताना हसत नाही.

मला नागपूरला नोकरी लागली आणि मामाची झोप उडाली.

"तिकडेपण मासळी मिळते रे," मी म्हटलं.

"मिळेल गं. पन साफ कशानं करशील?"

मग वसईपासून विरारपर्यंतची दुकानं आम्ही पालथी घातली, डब्यासकट. एका दुकानात त्याने माझे हात साबणाने माखले, काउंटरवर पेपर पसरून बांगडा ठेवला आणि म्हणाला, "काप, बाय." दुकानदाराने डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. गर्दी जमली. एका काकूंनी "मूठ जाड पडते हो तिला" असा सल्ला दिला, दुसऱ्या बाईंनी बांगडा कसा दिला म्हणून विचारलं. मला इतकं हसू आलं की सुरी हातातून सुटली, आणि मामाने तिला तिथल्या तिथे नापास केलं. संध्याकाळी आम्ही सुरीशिवाय आणि एका अतिशय दमलेल्या बांगड्यासह घरी आलो.

निघायच्या दिवशी मामाने स्वतःचीच सुरी आणली. मुठीला गळाची दोरी गुंडाळलेली, पातं झिजून सडपातळ झालेलं. ती त्याने माझ्यासमोर पेपरात बांधली. मी सवयीने उचलायला खाली वाकले, तर तो ठेवेचना.

"खाली ठेव ना, मामा."

"घे हातात."

मी हात मागे घेतला. अंगणापलीकडे त्याच्या भावाचं दार दिसत होतं.

"घे गं. तिकडे गेलीस की फोनवर गोड गोड बोलशील न् विसरून जाशील. भांडन झालं तर भांडायला तरी येशील."

मी घेतली. मग आम्ही दोघं मनसोक्त रडलो आणि मामी दोघांवर खेकसली.

परवा फोनवर माझ्या तोंडून निघून गेलं की सुरीला धार नव्हती म्हणून ओट्याच्या कडेवर घासली. मामा असा भडकला की विचारू नका. मीही ऐकून घेतलं नाही. त्याने फोन ठेवून दिला. मामी सांगते, तेव्हापासून मामा फुगून बसलाय, पण रोज बांगड्याचा डबा स्वतः घासून उन्हात ठेवतो.

मी शनिवारचं तिकीट काढलं आहे. भांडायला.