मला स्वच्छ दिसतंय

ही गोष्ट मी माझ्या बायकोलाही सांगितलेली नाही. इतकी वर्षं एका घरात काढली, पण तिलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, ते मलाच नीट कळत नाही. तुम्ही इकबालभाईंना ओळखत नाही, म्हणून असेल कदाचित. त्यांना ओळखणाऱ्या माणसापुढं हे तोंडातून निघणार नाही.

मी वालचंदनगरला कारखान्यात तपासणीच्या कामाला होतो. तयार झालेला भाग मोजायचा, केसाएवढा जरी फरक असला तरी लाल खूण करायची, आणि बरोबर असला तरच सही करायची. सबंध नोकरीत एक खोटी सही केली नाही. हे अशासाठी सांगतो, की पुढं मी जे केलं ते न कळून झालं असं तुम्हाला वाटू नये. मला कळत होतं.

तारे बघायचा नाद मला जुना. क्वार्टरच्या गच्चीवर माझी एक छोटी दुर्बीण असायची, तीन पायांच्या तिकाटण्यावरची, वारा आला की थरथरणारी. कॉलनीत कुणाला चंद्र बघायचा झाला की माझ्याकडं येत. रिटायर झाल्यावर लासुर्ण्याला घर बांधलं, तिथंही तेच. ‘जगताप साहेबांना आकाशातलं कळतं’ असं लोक म्हणायचे, आणि मला ते आवडायचं. किती आवडायचं, ते तेव्हा कळलं नव्हतं.

इकबालभाईंचं इंदापुरात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. माझ्या द्विनेत्रीचं, दोन डोळ्यांनी बघायच्या दुर्बिणीचं, चाक अडकलं म्हणून त्यांच्याकडं नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, तांदळाच्या दाण्याहून बारीक स्क्रू चिमट्यानं उचलला आणि चहा यायच्या आत चाक मोकळं करून दिलं. मग विचारलं, याच्यातून तुम्ही बघता काय? मी त्यांना घरी बोलावलं. पुढच्या रविवारी ते एसटीनं आले. त्या संध्याकाळी चंद्रावरचे खड्डे बघून हा साठीचा माणूस दुर्बिणीवरून डोळा काढेना. मग प्रत्येक रविवारी येऊ लागले.

मला स्वतःला डॉब्सोनियन दुर्बीण घ्यायची होती. लाकडी बैठकीवर ठेवलेलं बंबासारखं जाड नळकांडं, तळाशी आरसा, हातानं ढकलावं तिकडं फिरणारं. कैक वर्षं मी ती नुसती निवडत होतो. कुठली घ्यावी, कुणाची घ्यावी, आरसा केवढा असावा — वह्या भरल्या, घेतली मात्र नाही. आज बघू, उद्या बघू. तुमचंही असं काही असेल ना, जे निवडण्यातच राहून गेलं?

इकबालभाईंनी चार महिन्यांत ठरवलं. सगळं मला विचारूनच. मी त्यांना शिकवलं, की किती पट मोठं दिसतं याच्या जाहिरातीला भुलू नका, आरशाची रुंदी बघा. जेवढा रुंद आरसा तेवढा उजेड जास्त. सहा इंची घ्या, असं सांगितलं. जिन्यानं वर न्यायला बरी पडते. ते म्हणाले, आठ इंचीत काय जास्त दिसेल? मी खरं ते सांगितलं, बरंच जास्त. त्यांनी बोटांवर हिशेब केला.

“साहेब, पुन्यांदा घ्यायचं काय होणार न्हाय. मोठीच घेतो.”

आणि त्यांनी आठ इंची मागवली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पित्त झालंय, असं बायकोला सांगितलं.

ती टेंपोतून आली, बारामतीहून इंदापूरपर्यंत खड्डे आणि गतिरोधक खात. दोन दिवसांनी मी त्यांच्याकडं गेलो. दिवस थंडीचे होते. मगरिबची, दिवस मावळल्यावरची, नमाज आटपून ते वर आले. त्यांच्या बायकोनं, शमीमभाभींनी, गच्ची झाडून ठेवली होती, चहा झाकून ठेवला होता. अंधार पडता पडताच शनी दिसू लागला. इकबालभाईंनीच नळकांडं वळवलं, डोळा लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग म्हणाले, शनीभोवतीचं कडं काही दिसत नाही. कालवलेल्या पिठासारखं काहीतरी दिसतंय.

मी बघितलं.

शनी फाटला होता. एका बाजूला ओघळल्यासारखा. मी बाजूचा एक तारा धरला, मुद्दाम अंधुक करून पाहिला — अंधुक ताऱ्याची दिसणारी वर्तुळं एकात एक बसायला हवी होती, ती एकीकडं सरकली होती. मला कारण लगेच कळलं. प्रवासात आरसा हलला होता. नळकांड्याच्या तळाशी तीन स्क्रू असतात, ते थोडे थोडे फिरवले की आरसा जागेवर येतो. दहा मिनिटांचं काम.

आणि मी डोळा न काढता म्हणालो,

“मला स्वच्छ दिसतंय.”

का म्हणालो? चार वर्षं हेच विचारतोय. सहा इंची घ्या म्हटलं होतं, ऐकलं नाही, थोडी हौस जिरू दे — असं वाटलं? की इतका मोठा आरसा माझ्या आधी त्यांच्या गच्चीवर आला, ते सोसलं नाही? पुढच्या रविवारी स्क्रू फिरवून देऊ, असंही मनात आलं होतं. तेव्हा मीच सगळं ठीक केलं असं होईल. हेही आलं होतं मनात. खोटं कशाला बोलू.

भाभींनी डोळा लावला आणि म्हणाल्या, मलापण तसंच फिसकटलेलं दिसतंय. मी म्हणालो, नजर बसायला वेळ लागतो, सवय नसली की असंच होतं. इकबालभाईंनी मान हलवली. मग ते खाली वाकले, त्यांची बोटं तळाशी गेली, आणि हे तीन स्क्रू कशाचे म्हणून त्यांनी विचारलं.

ज्या माणसाचा जन्म स्क्रू फिरवण्यात गेला, त्याला मी म्हणालो, “त्याला हात लावू नका. बिघडेल.”

त्यांनी हात काढून घेतला. लगेच. माझ्या शब्दावर.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. घरी पाहुणे होते. त्याच्या पुढच्या रविवारी ढग होते. मग गेलो, तेव्हा ते म्हणाले, रोज बघतोय, पण तसंच दिसतंय. आता सांगायचं तर त्या दिवशीचं खोटं कबूल करावं लागणार होतं. मी परत डोळा लावला आणि परत तेच म्हणालो. दुसऱ्या वेळेला सोपं गेलं.

त्यांनी आपल्याच नजरेत दोष धरला आणि बारामतीला डोळे तपासून घेतले. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं उत्तम आहेत. पण इकबालभाईंचा त्यांच्यावर विश्वास बसला नाही. बसणार कसा? डॉक्टरांनी शनी कुठं बघितला होता? तो मी बघितला होता.

आधी त्यांनी बायकांची बारीक घड्याळं घ्यायचं बंद केलं. मग एका गिऱ्हाइकाचं घड्याळ दोनदा उघडावं लागलं. पूर्वीही कधीमधी तसं झालं असेल, पण आता त्यांनी ते मनाला लावून घेतलं. वर्षाच्या आत दुकान बंद केलं. भिंग, चिमटे, पेचकस सगळं एका ओळखीच्या कारागिराला देऊन टाकलं. आणि एके दिवशी टेंपो करून दुर्बीण माझ्या दारात घेऊन आले.

“तुमच्याकडं राहू द्या साहेब. ज्याला दिसतंय त्याच्याजवळ असावी.”

मी घेतली. नको म्हणालो नाही. त्याच संध्याकाळी स्क्रू फिरवले. शनीचं कडं इतकं रेखीव दिसलं, की त्यातली काळी फटही दिसली. मी जिन्याच्या पायरीवर बसून राहिलो. इंदापूर काही लांब नव्हतं. फोन तर खिशातच होता.

केला नाही.

आता शाळेची पोरं येतात, गावातले लोक येतात, बघून खूश होतात. ही कुणाची, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, एका मित्रानं दिली. इकबालभाईंना कुणाकडून तरी हे कळतं आणि त्यांना बरं वाटतं. दुर्बीण योग्य हातात गेली, असं ते लोकांना सांगतात.

मागच्या आठवड्यात त्यांच्याकडं गेलो होतो. ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. भाभी बाजारात गेल्या होत्या. औषधाची वेळ झाली होती. गोळ्यांची दोन पाकिटं त्यांनी हातात घेतली, उजेडाकडं धरली. क्षणभर त्यांचे ओठ हलले — ते वाचत होते. पहिलं नाव बरोबर वाचलं, मी ऐकलं. मग थांबले, स्वतःशीच मान हलवली, आणि दोन्ही पाकिटं माझ्यापुढं केली.

“तुमी वाचा साहेब. माझ्या नजरंचा भरवसा न्हाय.”

मी पाकिटं घेतली. दोन्हींवरची नावं मोठ्यानं वाचून दाखवली, आणि सकाळची कुठली ते सांगितलं.