चौथ्या कोपऱ्याचा दोर

पिंप्राळ्याच्या संघमित्राला एका जागी बसणं कधी जमलं नाही. तिशीच्या आतली, आयटीआयला वायरमनचं काम शिकलेली. जळगावच्या कडेला एका तळ्याभोवती फिरायचा रस्ता झाला. त्याच्या दिव्यांसाठी पाण्यावर तरंगतं सोलर बसवायचं ठरलं, आणि ठेकेदाराने तिला देखरेखीला घेतलं. एप्रिलच्या उन्हात प्लास्टिकचे ठोकळे जोडून त्यांवर प्लेटा चढवल्या. चारही कोपऱ्यांचे दोर काठावरच्या खुंट्यांना बांधले.

तळ्यात मासे धरणारा वनाआबा रोज काम बघत बसे. एकदा त्याने काठावरच्या बाभळीला डोक्याच्याही वर हात लावून दाखवला.

"ताई, पानी आठे लोंग येस. तुमना दोर तोकडा शेतस."

संघमित्राने टेप लावला. पाणी तेवढं चढलं तर ताणलेले दोर ठोकळ्यांनाच खाली ओढणार होते. तेव्हापासून तिला चैन पडेना. जेवता जेवता उठून ती आकडे मांडायची.

"इंजिनिअरने काढलाय ना नकाशा?" नवरा प्रशील म्हणाला.

"त्याने तळं भरलेलं कुठं पाहिलंय?"

तिने ठेकेदाराच्या इंजिनिअर साहेबांना तीनदा फोन केला. "मासे धरणाऱ्याचं ऐकून नकाशा बदलू?" ते चिडले. काम पूर्ण झाल्याच्या कागदावर तिने सही केली नाही. नोकरी राहते की जाते, आठवडाभर कळेना. शेवटी साहेब स्वतः आले, बाभळीवरची गाळाची जुनी रेघ पाहून त्यांनी लांब दोर मागवले. नवे दोर आले, पण तीनच कोपऱ्यांपुरते. चौथा पुढच्या खेपेला, म्हणाले.

ती खेप आलीच नाही. ऑगस्टमध्ये पाणी त्या रेघेच्या वीतभर खाली पोचलं. चौथा कोपरा दबला, सहा प्लेटा बुडाल्या. संघमित्राने धावत जाऊन त्या ओळीचा वीजप्रवाह तोडला.

"बाकी सगळं वाचलं की," साहेब म्हणाले. "तू आता धुळ्याला जा, नदीकाठचे दिवे बघ."

"हा कोपरा वर आल्याशिवाय नाही."

पाचव्या दिवशी दोर आला. वनाआबाच्या होडीतून जाऊन दोघांनी तो बांधला. कोपरा गाळासकट वर आला. चार प्लेटा चालू झाल्या, दोन गेल्या त्या गेल्याच.

दुसऱ्या दिवशी ती धुळ्याच्या बसमध्ये बसली. पारोळा येईपर्यंत तिने वनाआबाला दोनदा फोन केला होता.

"पानी उतरनं, ताई," आबा म्हणाला. "तू आते तुनं काम दख."

तिने फोन पिशवीत टाकला, आणि लगेच बाहेर काढला.