जिभेखालचं अनुपान

जेवण आटोपलंय, वर्तमानपत्र छातीवर पडलंय आणि द्वारकाबाईंचा डोळा लागतोय. छातीवर मात्र वर्तमानपत्रापेक्षा जड काहीतरी आहे. स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी लांबत जाते, लांबत जाते आणि उकळत्या सुयांच्या भांड्याची वाफ होते.

"द्वारके, खाटेवर कोण गं? पेशंट की नर्स?"

एस्तेर सिस्टर! नगरच्या दवाखान्यात त्यांनीच बाईंना हाताला धरून नर्स केलं. त्यांना जाऊन वर्षं लोटली, पण टोपीची इस्त्री अजून कडक.

"सांग, औषध द्यायच्या वाटा किती?"

"तोंडानं, कातडीखाली, स्नायूत, शिरेत..." बाईंना दम लागतो. जडपणा डाव्या हातात उतरतोय. भिंती कधीच वॉर्डाच्या झाल्यात.

"एक विसरलीस. उठून बस आधी. मूठ उघड."

मुठीत उशाजवळची, छातीच्या दुखण्यावरच्या गोळ्यांची छोटी बाटली आहे. "पाणी द्या ना सिस्टर, गोळी गिळते."

सिस्टर खळखळून हसतात. "वैद्याची लेक शोभतेस! पहिल्या दिवशीही हेच विचारलंस. 'ह्या गोळीला अनुपान काय, मध की तूप?' अख्खा वॉर्ड हसला होता. मी काय म्हटलं होतं?"

"हिचं अनुपान म्हणजे गप्प बसणं."

"मग? पोटात गेली तर यकृतच बरीचशी खाऊन टाकेल. जिभेखाली ठेव, थेट रक्तात जाईल."

बाई गोळी जिभेखाली ठेवतात. आणि नेमकं आत्ताच सगळं सांगावंसं वाटतं. तुम्ही नसता तर मी वडिलांच्या खलबत्त्यापाशीच राहिले असते, स्वतःच्या पायावर... "शिश्टर, तुमच्यामुळे मी—"

"गप्प! बोललीस की थुंकीबरोबर गिळशील. तुझं तोंड बंद राहावं म्हणून तर देवानं ही गोळी काढली."

सिस्टर नाडी धरतात. बोटं गार, ओळखीची. टोपी पांढरी होत होत खिडकीचा पडदा होते.

"आई, अहो, केवढा घाम! पाणी घ्या." सून मेघना पेला पुढे करते.

बाई पलंगावर बसलेल्या आहेत. त्या मानेनं नको म्हणतात आणि फोनकडे बोट दाखवतात. मेघना धावत डॉक्टरांना फोन लावते. छातीवरचा दगड हलका होतोय, डोकं ठणकतंय. मुठीत उघडी बाटली आहे आणि जिभेखाली विरघळत आलेली गोळी.

शेवटचा कण विरेपर्यंत बाई तोंड उघडत नाहीत.

मग म्हणतात, "थँक्यू, सिस्टर."